दोन चमचे साय

"आणि उतरवल्यावर वरून दोन चमचे साय घाल," असं म्हणत रूथ सिस्टरनं कळशी कमरेवर घेतली आणि ती आपली चालू लागली. फुलाचा हंडा भरला, भरून वाहायला लागला, मागची बाई करवादली, तरी फुला नळापाशी तशीच उभी. साय. कोंबडीच्या पाण्यात साय. आमटीत कोथिंबीर घाल म्हणून सांगावं तसं सिस्टरनं सांगून टाकलं होतं. तिचं काय जातंय सांगायला? मिशनच्या दवाखान्यात तिची निम्मी हयात गेली, तिथल्या गोऱ्या मॅडमच्या हातचं खाऊन झालेलं, तिला सगळंच चालतं. कोंबडी मऊ शिजवायची, त्या पाण्यात नूडल सोडायचे, वर क्रीम. त्याला म्हणे सूप म्हणतात आणि तापातून उठलेल्या माणसाच्या अंगात त्यानं जीव येतो. "नूडल म्हंजी काय वो?" असं फुलानं विचारलं तेव्हा सिस्टर हसली होती. "शेवयाच की गं. आपल्या शेवया." इथवर ठीक होतं. शेवया गोडाच्या, त्या खारट पाण्यात घालायच्या म्हणजे जरा चमत्कारिकच, पण फार तर तोंड वाकडं होईल, दुसरं काय. सायीचं मात्र तसं नव्हतं. मटणात दूध. हंडा डोक्यावर घेऊन ती जिना चढली तेव्हा पाणी हिंदकळून मानेवर सांडत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

खोलीत मामा भिंतीकडं तोंड करून पडलेले होते. मामा म्हणजे तिचे सासरे, येडू धनगर, सांगोल्याकडचे. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं डोळ्यांदेखत गेली आणि मुलानं, धुळाप्पानं, त्यांना सोलापुरात गिरणीच्या चाळीत आणून ठेवलं. आल्या आल्या गिरणीचा भोंगा वाजला तेव्हा मामा दचकून उठून बसले होते. "कुनाचं जनावर वरडलं गं?" फुला हसली, मग तेही हसले, आणि तेव्हापासून भोंगा झाला की म्हणायचे, "बग, भुकेजलं." तो त्या दोघांचा खेळच झाला होता. आता भोंगा वाजतो आणि मामा काहीच म्हणत नाहीत. विषमज्वर झाला होता. ताप उतरला, डॉक्टर म्हणाले आता फक्त खायला घाला, आणि नेमकं तेच होईना. पेज दिली, थुंकून टाकली. खिमट दिलं, ओठ मिटून घेतले. "तोंडात माती घातल्यावानी लागतंय," एवढं बोलायचे आणि पुन्हा भिंत. काल धुळाप्पा कामावरून आला, बापाचं मनगट हातात धरून बराच वेळ बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आज काय खाल्लं?" "काय न्हाय." "मग उद्या जीप बगतो. गावाकडं न्यायाचं. तितली माती तरी आपली हाय." औषधपाण्यासाठी कुणी माणसाला गावाकडं नेत नाही, हे फुलाला कळत होतं. सकाळी चहा न घेताच तो जीप बघायला गेला होता.

नुसतं पाणी तरी मामा घेतील म्हणून कोंबडी तिनं उजाडताच कोपऱ्यावरच्या मुलाण्याकडून आणली होती. तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली. अशीचं पाणी हलकं असतं. स्टोव्हला पिन मारली, पंप केला आणि एरवी कधी करत नाही ते केलं, दिवसाढवळ्या दाराला आतून कडी घातली. खरं तर तिनं अजून काही ठरवलं नव्हतं. सायीचं तेवढं सोडून द्यायचं, बाकी सिस्टर म्हणते तसं करायचं, असं ती स्वतःला बजावत होती. मग कडी कशाला घातलीस बाई? ज्याच्या मनात काही नसतं तो दार लावत नाही, एवढं तिलाही समजत होतं. चाळीत कोंबडी शिजली की वासानं मजलाभर कळतं, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. ती मुकाट्यानं कांदा चिरायला बसली. तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद टाकून कोंबडी परतून घेतली, वर ताटली झाकली आणि ताटलीत पाणी ओतलं. ते पाणी तापलं की तेच आत ओतायचं, गार ओतलं तर मांस आकसतं. हे तिला कुणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, हातालाच माहीत होतं. तिखट पडायच्या आधीचं हे नुसतं हळदमिठाचं पाणी, अळणी म्हणतात ते, लहानपणी आजारी पडलं की वाटीभर मिळायचं, आणि तेवढ्यासाठी आजारी पडावंसं वाटायचं. वास सुटला. मामांची पाठ हलली नाही. या दुखण्यात तिनं मामांचं तोंड कमी आणि पाठच जास्त बघितली होती, मणके वर आलेली, सदरा ढिला झालेली. तिला रागही यायचा. मेंढरं गेली खरी, पण इथं जित्या माणसांनी काय करावं? हातात वाटी घेऊन पाठीशी बोलत बसावं? मग लगेच लाज वाटायची, कारण दुष्काळात खडी फोडायला ती गेली होती तेव्हा भाकरी खाल्लीस का म्हणून विचारणारं हे एकच माणूस होतं. ते गेले तर या घरात तिला असं विचारणारं कुणी उरणार नव्हतं. धुळाप्पा भला माणूस, पण त्याला विचारायचं सुचत नाही.

शेवयांचा डबा माळ्यावर होता, आणि तो काढायचा तर दार लावलेलंच बरं होतं, हेही एक होतंच. त्या शेवया केरा आत्याच्या होत्या. केरा आत्या म्हणजे फुलाच्या बापाची धाकटी बहीण, माहेरी जेऊरला असते. तिला मंगळवेढ्याकडं दिली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोवर ओठाच्या कडेला तांदळाएवढा पांढरा डाग उठला, मग बोटांच्या पेरांवर उठले. सासूनं शोध लावला की जत्रेत बोकड खाल्लं आणि वर दूध पेली, म्हणून कोड फुटलं. झालं. मटणावर दूध घेऊ नये हे शेंबड्या पोराला कळतं आणि घोडीएवढ्या बाईला कळू नये? जेऊरला आणून सोडली ती सोडलीच. माहेरी तिला निराळी जर्मनची ताटली, निराळा तांब्या. वाईट कुणी बोलायचं नाही, तशी सगळी मायेनंच वागायची, फक्त तिच्या हातचं कुणी खायचं नाही. त्या दिवसापासून आत्यानं दूध तोंडाला लावलं नाही, चहासुद्धा कोरा. फुलानं एकदा विचारलं होतं, "आत्या, खरंच पेली व्हतीस का गं?" आत्यानं हातातलं काम थांबवून खूप विचार केला. "समदी म्हणत्यात म्हंजी पेलीच आसंन की. मला आता आठवत न्हाय." हे उत्तर फुलाच्या मनात लहानपणापासून रुतून बसलं होतं. माणसाला इतकं सांगावं, इतकं सांगावं, की त्याचं त्यालाच आठवू नये, हे कसलं बाई?

आणि शेवया म्हणाल तर आत्यासारख्या कुणाच्याच नसत. उन्हाळ्यात घरोघरी शेवयांचे पाट तिरपे मांडले जायचे. वरच्या अंगाला एकीनं बसून पीठ रगडत खाली ओढायचं आणि खाली दुसरीनं बसून त्या तारा तुटू न देता हातावर झेलायच्या. एकट्या माणसाचं ते काम नव्हे. आत्याच्या समोर खाली धरायला बसणार कोण? म्हणून दुपारी बायका जरा आडव्या झाल्या की मागच्या पडवीत आत्या गुपचूप पाट मांडायची आणि फुला धरायला बसायची. पांढरी-काळी बोटं पिठावरून सरकायची आणि केसाएवढ्या बारीक तारा तिच्या तळव्यांवर उतरायच्या, गार, ओलसर, जरा गुदगुल्या करणाऱ्या. "कुनाला सांगू नगं," आत्या म्हणायची. त्याच शेवया घरात कुणाला न कळता खिरीत शिजायच्या, आणि पाहुणेराहुणे वाहवा करून खायचे. फुलाला तो खेळ आवडायचा, आणि मग आरशाच्या तुकड्यात ती आपले ओठ न्याहाळायची, डाग उठला का म्हणून. ती खोड अजून गेली नाही. वेणी घालताना आधी ओठ बघते, मग भांग. माहेरून भाऊ हा डबा घेऊन आला तेव्हा दाराआड हळूच म्हणाला, "आत्यानं दिल्यात," आणि धुळाप्पापुढं दोघंही गप्प बसली. धुळाप्पाला वाटलं भावजयीनं केल्या. डबा माळ्यावर गेला तो तिथंच राहिला. करायला धीर होत नव्हता आणि टाकून द्यायला तर मुळीच नाही.

आता तिनं डबा उघडला. शेवया अजून तशाच होत्या, हातात घेतल्या की कुरकुरणाऱ्या. मूठभर घेऊन जराशा तुपावर तांबूस केल्या, हातानंच मोडल्या. कोंबडीचं मांस हाडावरून सुटून आलं होतं; ते काढून तिनं बोटांनी उसवून अगदी बारीक केलं, मामांना चावायला लागू नये इतकं, आणि पुन्हा पाण्यात सोडलं. वरून शेवया, कुटलेले मिरे. शेवया मऊ झाल्यावर स्टोव्ह बंद केला. त्याचा आवाज थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. कपाटात सायीची वाटी होती, गवळ्याच्या म्हशीच्या दुधाची, चांगली जाड. ती काढून तिनं पुढ्यात ठेवली आणि नुसती बघत बसली. इथवर आल्यावर आता म्हणायला काही उरलं नव्हतं की आपण ठरवलेलं नाही. समजा घातली आणि मामांना कोड फुटलं तर? अगं, जो माणूस गावाकडं माती व्हायला निघालाय त्याला कोडाचं काय भ्या? हा विचार आपल्याच मनात आला याची तिला शिसारी आली. आणि फुटलं नाही, पण मामा असेही गेले, तर कुणीतरी विचारणारच की शेवटी काय घातलंस पोटात. म्हणतील, सुनेनं मटणात दूध घालून मारलं. आत्यानं केलं की नाही ते देवाला माहीत, तिला घालवली. मी तर उघड्या डोळ्यांनी करतेय. कोणाला न सांगता करतेय. आत्यालाही असंच वाटलं असेल का, ओठावरचा तो तांदूळ बघताना, की मी काहीतरी केलंय? फुलाला खूप भीती वाटली. मग मामांना खोकला आला, कोरडा, पोकळ, आणि खोकून झाल्यावर त्यांनी कुशीसुद्धा बदलली नाही. तिनं वाटीत चमचा घातला.

मिठानं दूध फाटतं, म्हणून सिस्टरनं सांगितलं होतं की थेट ओतायची नाही. दोन चमचे सायीत आधी पळीभर कोमट अळणी घालून घोटली, मग हळूहळू पातेल्यात सोडत गेली, एका हातानं ढवळत. फाटली नाही. हळदीच्या पाण्यावर साय फिरली, रंग फिका, लोण्यासारखा झाला आणि वास असा काही आला की तिच्या पोटात भूक कळवळली. चमच्याभर चाखून बघितलं. मेलं, चांगलं लागत होतं. इतकी वर्षं ज्याला आपण भ्यालो ते चांगलं लागावं याचा तिला रागच आला. उठून तिनं आधी भिंतीवरच्या आरशात ओठ बघितले. मग वाटी भरली.

"मामा, उठा. थोडं घ्या."

"नगं."

"एक घास. मग म्या कायबी म्हणनार न्हाय."

तिनं पाठीला हात लावून उठवून बसवलं. अंग कसलं, नुसता सदरा उचलल्यासारखा झाला. चमचा ओठांशी नेला. मामांनी तोंडात धरून ठेवलं, आणि फुलाला वाटलं आता थुंकणार. तिनं पदराचं टोकही पुढं केलं. पण गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. दुसरा चमचा तिनं घाईघाईनं पुढं केला, तोही गेला. तिसऱ्याला मामांनी आपण होऊन तोंड उघडलं. ती भराभर भरवत राहिली, बोलायची नाही, श्वासदेखील जपून घ्यायची, जणू मोठ्यानं हललं तर हे सगळं बंद पडेल. वाटी निम्म्यावर आली आणि मामांनी तिचं मनगट धरलं.

"फुला. ह्यात दूध हाय."

पीठ लावलंय म्हणता आलं असतं, ते जिभेवर आलंही होतं. पण ज्यानं जन्मभर दूध काढलं त्याला पीठ सांगून फसवायचं कसं? "व्हय," ती म्हणाली. "साय हाय. म्या घातली."

"म्हशीची?"

"व्हय."

"तरीच. राकट लागतीया जरा." मामा ओठ चाटत वाटीत बघत होते. "ह्याला मेंढीचं दूध पायजे." आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

फुलाला काही उमजेना. "मामा, कोंबडीत दूध हाय. तुमाला भ्या न्हाय वाटत?"

"कशाचं?"

"कोडाचं."

मामा हसले. हसता हसता खोकले, मग पुन्हा हसले. "अगं, आमी मेंढरं घिऊन लांब जायचो, मान नदीच्या पल्याड. पानी न्हाय, झाड न्हाय. तितर घावला तर शिजवायचा कशात? मेंढी पिळायची आन् दुधात सोडायचा. एकदा न्हाय, लई येळा. माजा बाप, चुलता, मी. बग की." त्यांनी बाही सारून हात पुढं केला. उन्हानं काळा पडलेला, वाळलेला हात, मनगटापासून कोपरापर्यंत एकसारखा काळा. फुलानं तो दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा करून बघितला. तिला लाजही वाटली नाही.

"मग गावात का न्हाय सांगितलं कुनाला?"

"मेंढक्याला गावात कोन इचारतंय? आन् बायकांनी ऐकलं आस्तं तर आमची भांडी उंबऱ्याभाईर फेकली आस्ती. घरात आमीबी न्हायच म्हनायचो की."

फुलाला हसू आलं आणि ते हसू मध्येच कुठंतरी अडकून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी आत्या आठवत होती, निराळ्या ताटलीपुढं बसलेली. तिकडं माळावर माणसं दुधात तितर शिजवून खात होती आणि इकडं एका बाईनं एका पेल्यापायी जन्म काढला, तोही पेली का नाही ते आठवत नसताना. कुणी एकानं येऊन सांगितलं असतं तर? मामांना वाटलं तिला ठसका लागला. "पानी पी," ते म्हणाले, आणि चमचा तिच्या हातातून घेऊन स्वतःच खायला लागले. निम्मं परत वाटीत सांडत होतं, तरी जात होतं. थोड्या वेळानं त्यांनी चमच्यावर लोंबणारी एक शेवई उजेडात धरली.

"कुनी केल्यात गं? तारंला तार हाय."

भावजयीनं, असं म्हणायला किती सोपं होतं. "माज्या केरा आत्यानं," फुला म्हणाली, आणि मग आता थांबायचं नाही म्हणून पुढचंही म्हणून टाकलं. "तिला कोड हाय. बोकड खाऊन दूध पेली म्हून नांदिवली न्हाय तिला. जेऊरला आस्ती. घरात तिच्या हातचं कुनी खात न्हाय."

मामांनी चमचा खाली ठेवला. फुलाला वाटलं, संपलं, आपल्याच हातानं संपवलं; कशाला सांगायला गेलीस? खाली नळावर कुणीतरी बादली आपटली. मग मामांनी वाटी उचलून तोंडाला लावली, शेवटपर्यंत प्याले आणि रिकामी वाटी तिच्यापुढं धरली.

"वाड आनकी," ते म्हणाले.

ती वाढत होती तेवढ्यात दारावर थाप पडली. कडी काढली तर धुळाप्पा, घामानं डबडबलेला, तिच्याकडं न बघताच बोलत आत आला. "जीप आलीया खाली. दोन कापडं बांद, आन् घोंगडं घे." आणि मग त्यानं बाप बघितला, भिंतीला टेकून बसलेला, मिशीला साय लागलेला. तो दारातच थांबला. फुलानं आजवर नवऱ्याला रडताना बघितलं नव्हतं, आणि त्यानं आताही तसं दाखवलं नाही. टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं आणि ती हातातच धरून ठेवली.

"जीप माघारी धाड," मामा म्हणाले. "आन् जेऊरला सांगावा धाड. फुलाच्या आत्याला म्हनावं, शेवया सरत आल्यात. पाट घिऊन ये."

धुळाप्पा एकदा बापाकडं बघे, एकदा बायकोकडं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार? फुलालाच बोलावं लागलं. "मामा, ती येईल. पन तिच्या म्होरं खाली धरायला कोन बसंल?"

"मी हाय की," मामा म्हणाले. "मला दुसरं काय काम हाय हितं?"

धुळाप्पा जीपवाल्याला सांगायला खाली गेला. जाताना त्यानं दार उघडंच टाकलं, आणि फुलानं ते लावलं नाही. जिन्यावरून कुणीतरी वर आलं, वास घेत थांबलं, पुढं गेलं. मग भोंगा वाजला, लांबलचक. मामा डोळे मिटून भिंतीला टेकले होते. ते झोपले असं तिला वाटलं होतं.

"बग," ते म्हणाले, "भुकेजलं."

फुलानं आपल्यासाठी वाटी भरली आणि आरशावरून सरळ पुढं जाऊन ती उंबऱ्यात बसली. बरोबर घेतलेली सायीची वाटी अजून निम्मी होती. ती सगळी तिनं आपल्या वाटीत ओतून घेतली.